कपाटासाठी सोडलेली जागा

कार्दित्सा, १ फेब्रुवारी

प्रिय व्हायिया,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. गुडघे सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. फोनवर आपण दोघं हवा, तब्येत आणि जेवण या तीन खोल्यांतच फिरतो, चौथीचं दार कुणी उघडत नाही. म्हणून म्हटलं, या वेळी कागदावर लिहावं. कागदावर माणूस मध्येच बोलणं तोडत नाही.

गोष्ट गच्चीवरच्या सळयांची आहे. परवा आपोस्तोलिसला वर नेलं होतं. तोच तो गवंडी, आपलं घर ज्यानं बांधलं. आता ऐंशीला टेकलाय, कामं मुलगे करतात, पण बघायला तोच येतो आणि शिडी चढताना कुणी हात दिला तर शिव्या देतो. सळयांवर गंज चढू नये म्हणून मी पाण्याच्या बाटल्या उलट्या घातल्या होत्या ना, त्यातली एक काढून त्यानं उन्हात धरली.

"आर्किटेक्टसाहेब, ही कुठल्या सालची?"

"तू शेवटचं खरं बोललास त्या सालची."

"म्हणजे फारच जुनी." मग खिशातला चाकू काढून त्यानं सळई खरवडली. पापुद्रे पडले, लाल, पावासारखे. चाकू विजारीला पुसला. नंतर म्हणाला, "एकतीस वर्षं झाली, स्तेर्गिओ. अजून एखाद-दोन हिवाळे. त्यानंतर यांच्यावर भिंत चढवायला मला बोलावू नकोस. एक तर यंदा मजला बांध, नाहीतर काप आणि वर डांबर फास. पोरीला विचार."

"पोरगी काही येत नाही."

"विचारलंस?"

"नाही."

"मग तुला कुणी सांगितलं? सळयांनी?"

आपल्याकडे या सळयांना 'वाट पाहणाऱ्या' म्हणतात. ज्यानं कुणी नाव ठेवलं त्याला देवानं स्वर्गात सावलीची जागा द्यावी. मी त्या तुझ्या मजल्यासाठी सोडल्या तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. दोन सळयांना दोरी बांधून उड्या मारायचीस आणि मला हुकूम सोडायचीस, "बाबा, माझ्या मजल्यावरून डोंगर दिसला पाहिजे. नाही दिसला तर मी लग्नच करणार नाही." डोंगर दिसतो की नाही हे कळण्याआधीच तू निघून गेलीस.

म्हणून विचारतो. एकदाच विचारतो, पुन्हा टोचणार नाही. बांधू की कापू?

दुसरी गोष्ट खरं तर लिहिणार नव्हतो. माझं ऑफिस पागोना चालवते हे तुला ठाऊकच आहे. माझ्या हाताखाली शिकली, आता मीच तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून कॉफी पितो. तिनं तुमच्या कंपनीचा तो प्रोग्रॅम घेतलाय, घराचे नकाशे काढणारा. मला तिनं महिनाभर सांगितलंच नाही. एक दिवस मी दारातून आत आलो तेव्हा पडद्यावर एक घर आपोआप उगवत होतं, एकेक भिंत, जणू कुणी न दिसणारं माणूस आत चालत होतं आणि त्याच्या मागोमाग खोल्या तयार होत होत्या. मी कोट न काढता तसाच उभा राहिलो.

त्याबद्दल पुढच्या पत्रात, तुला ऐकायचं असलं तर.

तुझा बाबा

कार्दित्सा, २ मार्च

प्रिय व्हायिया,

तुझी तीन ओळींची मेल पागोनानं छापून आणून दिली. "मजल्याचं आत्ता काही सांगत नाही. प्रोग्रॅम कसा वाटला ते खरं लिहा. कौतुक नको." ठीक. 'काप' असं तू लिहिलं नाहीस, एवढ्यावर मी आठवडाभर शिट्टी वाजवत सायकल चालवतोय. भाजीवाला विचारतो, लॉटरी लागली का.

आता खरं लिहितो.

आधी मी हसलो. त्यानं पहिल्या फटक्यात बैठकीची खोली पश्चिमेला काढली, मोठ्या काचेसकट. इथल्या जुलैत पश्चिमेची काच! मी म्हटलं, पागोना, या घरात माणसं राहणार आहेत की पाव भाजायचेत? ती म्हणाली, "काका, जरा थांबा, त्याला उन्हाळ्याचं सांगू द्या." तिनं दोन ओळी टाइप केल्या आणि ते घर वळलं. झोपेत कूस बदलावी तसं, अख्खं घर. उत्तरेला ओसरी, दुपारच्या जेवणाची जागा सावलीत, न्हाणीघर पश्चिमेच्या बाजूला ढाल म्हणून. हे मला शिकायला पाच उन्हाळे आणि तीन नाराज घरमालक लागले होते.

मग मी चेकाळलो. स्टेशनजवळची ती तिरकी जागा आठवते? पावाच्या तुकड्यासारखी, एका टोकाला चार मीटर, दुसऱ्याला अकरा. १९८६ साली तिनं माझे अकरा आठवडे खाल्ले. तुझी आई म्हणायची, "तू माझ्याशी नाही, त्या त्रिकोणाशी लग्न केलंयस." तीच जागा मी यंत्राला दिली. मनात म्हटलं, आता बघू, बेटा.

पागोनाची कॉफी उकळून वर यायच्या आत त्यानं चाळीस घरं काढली. त्यातलं सातवं माझं होतं. अगदी माझं! जिना टोकाला, स्वयंपाकघर पोटात, सगळं. आणि बारावं माझ्याहून चांगलं होतं. अरुंद टोकाला मी कोठी ठोकून दिली होती. त्यानं तिथं एक खिडकी आणि एक बाक ठेवला होता. बस्स. एक माणूस बसेल एवढी जागा, दोन्ही रस्ते दिसतील अशी. अकरा आठवड्यांत मला हे का सुचलं नाही?

मी बाहेर जाऊन फुटपाथवर उभा राहिलो. पागोना धावत आली. "काका, वाईट वाटलं का?" वाईट नाही गं, म्हटलं. लहानपणी आग्राफाच्या डोंगरात पहिल्यांदा आभाळभर चांदणं पाहिलं तेव्हा आईला विचारलं होतं, एवढं सगळं कोण मोजतं? तसं वाटलं. खरं सांगतो, व्हायिया, शहात्तराव्या वर्षी माणसाला पुन्हा एकदा थक्क व्हायला मिळावं ही देणगीच म्हणायची.

आमच्या गावच्या शाळेत दुसरीला एक कविता होती. बाईंनी माझ्याकडून ती सगळ्या वर्गापुढं म्हणवून घेतली होती, कारण माझा बाप गवंडी:

पाकोळी गं पाकोळी, तुज
पट्टी मिळाली कोणाची?
भिंत बांधली मापामध्ये,
ओळख नाही अंकाची!

पुढं पाकोळी उत्तर देते. ते उत्तर मात्र कुठं पडलं कोण जाणे. तीन दिवस डोकं खाजवतोय. सायकलवर, झोपताना, दाढी करताना. दोनच ओळी आहेत, पण येत नाहीत.

पागोनाला विचारलं, याला आपल्या उन्हाचं, आपल्या त्रिकोणी जागांचं कळतं कसं? ती जरा लाजली. पुरात ऑफिसच्या तळघरात पाणी शिरलं होतं ना, तेव्हा तिनं माझे सगळे नकाशे दोरीवर वाळत घातले आणि एकेक स्कॅन केला. तीनशे बारा घरं. दोन वर्षांपूर्वी, प्रोग्रॅम तयार होत असताना, कंपनीनं इथले जुने नकाशे मागितले, तिनं तेच पाठवले. "तुम्हाला विचारायला हवं होतं, काका." मी म्हटलं, पोरी, माझे नकाशे तळघरात कुजत होते, ते कुणाच्या तरी डोक्यात गेले यात वाईट काय? तिथं तू आहेस हे तिला माहीत होतं. तुला माहीत होतं का, ते नकाशे माझे आहेत हे?

संध्याकाळी त्सिपुरोच्या दुकानात आपोस्तोलिसला सगळं सांगितलं. आम्ही छोटे पेले आणि चखण्याच्या छोट्या बशा पुढ्यात घेऊन बसलो होतो. तो म्हणाला, "म्हणजे तू आता खरा निवृत्त झालास म्हणायचं." मी म्हटलं, एक घर बाकी आहे. माझ्या पोरीचा मजला. तो मी काढतो आणि यंत्रालाही काढू देतो. तो ऑलिव्हची बी बशीत टाकत म्हणाला, "काढा दोघं. बांधणार मीच आहे, म्हणजे दोन्ही वाकडेच होणार."

अटी सारख्याच: जुन्या घरावर एक मजला. जिना मात्र नवा, बाहेरून, जमिनीपासून थेट वरपर्यंत. जुना जिना वर न्यायचा नाही. त्या जिन्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

तुझा बाबा

कार्दित्सा, झावळ्यांचा रविवार

माझ्या व्हायिया,

आज तुझा नामदिन, ज्या झावळ्यांवरून तुझं नाव ठेवलं त्यांचा सण. चर्चमधून लॉरेलची फांदी आणली, ती तुझ्या खोलीच्या दाराला लावली. तुझी आई असती तर मासे तळले असते आणि शेजारच्या चार घरांना तुझ्या नावानं खायला घातलं असतं. मी एकट्यानं एक तळला आणि तोही करपवला.

भेट म्हणून दोन नकाशे पाठवतोय. एकावर 'अ' लिहिलंय, दुसऱ्यावर 'ब'. एक माझा, एक तुमच्या यंत्राचा. कुठला कुणाचा ते सांगणार नाही. दोन्ही पागोनानं सारख्याच कागदावर, सारख्याच रेघांत छापलेत, म्हणजे माझा थरथरता हात तुला ओळखू येणार नाही. विचारू नकोस. मनाला येईल तो घे. आणि एकही आला नाही, तर आपोस्तोलिसला कापायला सांगतो. पण मग ते तू स्वतः लिही.

माझा काढायला पाच आठवडे लागले. यंत्राचा पागोनानं पाच मिनिटांत काढला आणि पाच आठवडे पाकिटात बंद ठेवला, मी बघू नये म्हणून. माझा पुरा झाल्यावरच आम्ही ते उघडलं. मी चष्मा दोनदा पुसला. तुझ्या खोलीतून डोंगर दिसतो का, हे मी पहिल्यांदा पाहिलं. दोन्हींत दिसतो. त्याला कुणी सांगितलं होतं? पागोना म्हणते, कुणीच नाही. माझ्या तीनशे बारा घरांत बहुतेकांना डोंगर दिसतो, म्हणून त्याला वाटलं असेल घर म्हणजे डोंगराकडं बघणारी गोष्ट.

हे वाक्य रात्रभर माझ्या उशाशी बसून होतं.

काढताना मी काय काय विचार करत होतो ते सांगतो, त्यावरून तू ओळखशील अशी भीती आहे, तरी सांगतो. तू उशिरा उठतेस. सकाळचं ऊन तुझ्या डोळ्यांवर येऊ नये. तुला एकटं बसायला आवडतं, पण पलीकडं कुणीतरी भांडी वाजवतंय हे ऐकू यायला लागतं. लहानपणी परीक्षेचा अभ्यास तू स्वयंपाकघराच्या दाराशीच करायचीस. तिथल्याच बाल्कनीखाली पाकोळीचं घरटं आहे, ते पाडायचं नाही. कधी तुझ्याबरोबर आणखी कुणी असेल. कधी नसेल. दोन्ही वेळी घर रिकामं वाटू नये. यातलं यंत्राला काहीच ठाऊक नव्हतं. आणि तरी बघ, दोन्ही नकाशे किती जवळजवळ बसलेत, एका वर्गातल्या दोन मुलांनी एकाच बाईंकडून शिकलेलं अक्षर असावं तसे.

घाई नाही. ईस्टरपर्यंत कळव. घाई नाही म्हणतोय आणि तारीख देतोय. म्हातारा झालो.

तुझा बाबा

कार्दित्सा, ३० एप्रिल

व्हायिया,

तुझं पत्र आलं. पत्र! तुझं अक्षर मी सत्तावीस वर्षांनी पाहिलं. अजून 'र'ची शेपटी तशीच लांब.

मी ते चार वेळा वाचलं, मग बाल्कनीत जाऊन बसलो, मग पाचव्यांदा वाचलं. तू लिहिलंयस:

"बाबा, 'ब'. तुमचाच आहे. ओळखायला एक क्षणही लागला नाही. जिन्याचं वळण पाहिलं, तिथं एक मीटर चाळीस सोडलंय आणि बाजूला तुमचं नेहमीचं 'कपाटासाठी' लिहिलंय. हे दुसरं कुणी सोडणारच नाही."

आणि पुढं ते दुसरं:

"तुमचे नकाशे दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. आमची टीम चिडली होती. म्हणे, या गावातल्या घरांत जिन्याच्या वळणावर जागा फुकट जाते, ही एकाच माणसाची खोड आहे, ती काढून टाकू या, नाहीतर यंत्र ही चूक शिकेल. मी नाव बघितलं. मग तारखा बघितल्या. मे १९९८च्या आधीचं एकही वळण रुंद नाही. मेनंतरचं एकही अरुंद नाही. एकशे सत्त्याऐंशी घरं, बाबा. मी टीमला सांगितलं, ही चूक नाही, ही राहू द्या. का, ते मी कुणालाच सांगितलं नाही. तुम्हालाही नाही."

म्हणजे दोन वर्षं तुला ठाऊक होतं. आणि मी इथं बसून समजत होतो की त्या दिवसाबद्दल आपल्यातलं कुणी काही बोलत नाही. तू बोलत होतीस, यंत्राशी.

आता मला बोललंच पाहिजे. त्या जिन्याबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं, लिहितो.

घर बांधलं त्या साली तुझ्या आईची अक्रोडाची संदूक, तिच्या आईनं लग्नात दिलेली, वर चढेना. वळणावर अडली. मी पंच्याऐंशी सेंटिमीटर ठेवले होते. बैठकीची खोली मोठी दिसावी म्हणून जिन्यातून चोरले होते, तेव्हा मला मोठ्या खोल्यांचं वेड होतं. माझी मालामो म्हणाली, "राहू दे खाली, काही बिघडत नाही." मग जेवताना, तू समोर होतीस, ती सहज म्हणाली, "स्तेर्गिओ, जिथून संदूक जात नाही तिथून माणूस कसं जाईल रे?" मी हसलो. म्हणालो, "माणूस आपल्या पायांनी जातं."

चार वर्षांनी ती आपल्या पायांनी गेली नाही.

बैठकीच्या त्या मोठ्या खोलीत तिला ठेवली, पाय दाराकडे. रात्रभर बायका बसल्या. सकाळी पाद्री खाली उभे, सगळी गल्ली खाली उभी, आणि शवपेटी वळणावर अडली. कुणी म्हणालं बाल्कनीतून दोर लावून सोडू. कुणी म्हणालं कठडा तोडू. आपोस्तोलिसनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. शेवटी चर्चनंतर लावायचं झाकण वेळेआधीच लावलं, चादरीनं बांधलं आणि पेटी उभी केली. मालामोला उभी केली. एखादं कपाट उतरवतात तशी पायरी पायरीनं उतरवली. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला तो मी ऐकला. तूही ऐकलास. तू वरच्या पायरीवर उभी होतीस, सतरा वर्षांची, काळ्या झग्यात, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलीस, "बाबा, तुम्ही आर्किटेक्ट आहात ना?"

मी उत्तर दिलं नाही. सप्टेंबरात तू शिकायला गेलीस. त्यानंतर मी जे घर काढलं, त्यात ते उत्तर देत राहिलो. घरमालक विचारायचे, इथं एवढी जागा का? मी म्हणायचो, कपाटासाठी. मुलीच्या लग्नासाठी बांधायच्या घरात वधूच्या आईला आणखी काय सांगणार? ते मान डोलवायचे. एकानंही पुन्हा विचारलं नाही. मला वाटायचं हे फक्त मला आणि मालामोला ठाऊक आहे.

आणि आता, पोरी, नीट बसून वाच.

'ब' माझा नाही. 'ब' यंत्राचा आहे.

तुझं पत्र वाचून मी म्हटलं, ही चुकली कशी? मी धावत ऑफिसात गेलो. पागोनाला म्हटलं दोन्ही काढ. माझ्या 'अ'वर पट्टी ठेवली. जिन्याचं वळण: पंच्याऐंशी. पुन्हा ठेवली. पंच्याऐंशी. पागोना म्हणाली, "काका, मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंत." मी मुद्दाम केलं नव्हतं. सत्तावीस वर्षांत जो हात एकदाही चुकला नाही, तो तुझ्या मजल्यावर चुकला. एकशे सत्त्याऐंशी घरांत मी म्हातारे, म्हाताऱ्या, कधीतरी जाणारी सगळी माणसं पाहिली आणि त्यांच्यासाठी जागा सोडली. तुझ्या जिन्यावर मात्र माझ्या डोळ्यांना फक्त तू वर चढताना दिसत होतीस. पिशव्या घेऊन, धापा टाकत, मला हाक मारत. तुला कुणी खाली आणतंय हे माझा हात काढायलाच तयार नव्हता. मला न विचारता त्यानं वळण बंद करून टाकलं.

आणि त्या यंत्रानं, ज्याला आई नाही, जिना नाही, ज्याच्या घरातून कधी कुणी गेलं नाही, त्यानं तुझ्यासाठी तेवढी जागा सोडली. अगदी तेवढीच, एक मीटर चाळीस. शेजारी 'कपाटासाठी' असंही लिहिलं, माझ्याच खोट्या शब्दांत. बापाला जे धैर्य झालं नाही ते त्यानं केलं, कारण तुझ्या बापानंच त्याला ते शिकवलं होतं. आणि ते पुसू नये म्हणून तू मध्ये उभी राहिलीस.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. ती कविता आठवली. पागोनाच्या टेबलाशी, हातात पट्टी घेऊन उभा असताना आली, साठ-सत्तर वर्षं कुठं लपली होती कोण जाणे. पाकोळी उत्तर देते:

तारेवरती बसून शिकले
रीत तुझ्या रे बाबांची.

पागोनाला म्हणून दाखवली. ती म्हणाली, "काका, रडताय का?" म्हटलं, नाही गं, ईस्टरच्या मेणबत्तीचा धूर अजून डोळ्यांत आहे. ती म्हणाली, "ईस्टर होऊन दहा दिवस झाले." ही आजकालची मुलं!

तर आता पुन्हा ठरव. तू 'ब' माझा समजून घेतलास. आता तो कुणाचा ते तुला कळलं. फसवून मजला बांधणार नाही. नको असेल तर स्पष्ट लिही. सळया मी स्वतः उभा राहून कापून घेईन आणि तुला दोष देणार नाही.

तुझा बाबा

कार्दित्सा, २१ मे

माझ्या पोरी,

तू लिहिलंस: "'ब'च बांधा. तो तुमचाच आहे. 'अ' मला हवा, तो मी इथं भिंतीवर लावलाय. आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात वेडी चूक आहे. हिवाळ्याला येते. किती दिवस ते विचारू नका."

नाही विचारणार. शपथ.

आपोस्तोलिसला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काय रे, आता गच्चीवर मजला की रडारड?" आणि चष्मा पुसायला लागला. मग म्हणाला, उद्यापासून पोरं येतील, आणि त्या बाटल्या काढून टाक, लाज वाटते.

बाटल्या मी काढल्या, पण फेकल्या नाहीत.

बाबा

कार्दित्सा, २८ सप्टेंबर

प्रिय व्हायिया,

मजला झाला. रंग अजून ओला आहे, खिडक्यांवर कागद आहेत. तुझ्या खोलीतून डोंगर दिसतो. काल पाऊस पडून गेल्यावर इतका जवळ दिसला की मला वाटलं आपोस्तोलिसनं ओढून आणला. पाकोळ्या गेल्या, घरटं आहे. वाकडं काही झालेलं नाही, फक्त न्हाणीघराचं दार. त्याबद्दल तो म्हणतो, यंत्राची चूक, आणि यंत्र काही बोलत नाही.

आज सकाळी एक काम केलं, तुझी वाट न पाहता. रागावू नकोस. तळमजल्यावरच्या कोठीतली तुझ्या आईची संदूक, एकतीस वर्षं तिथंच होती, वर रंगाचे डबे आणि सायकलचा पंप. मी ती पुसली. कुलूप काढलं नाही, ते तू काढ. आपोस्तोलिसचे दोन्ही मुलगे आले. थोरला म्हणाला, "बाप रे, ही जाईल का वर?" आपोस्तोलिस त्याच्यावर खेकसला, "गप उचल."

मी नव्या जिन्याच्या वळणावर आधीच जाऊन उभा राहिलो होतो. जायला नको होतं, पण गेलो. पाठ भिंतीला लावून. ते चढत आले, दोघं वाकलेले, संदूक मध्ये, अक्रोडाचा तो काळसर रंग उन्हात आला. वळणावर थांबले. थोरल्यानं सवयीनं विचारलं, "बाबा, उभी करू का?"

आपोस्तोलिसनं माझ्याकडं पाहिलं. या वेळी त्यानं नजर खाली घातली नाही.

"नाही," तो म्हणाला. "वळवा."

त्यांनी वळवली. हळूच, जिवंत माणसाला कुशीवर वळवावं तशी. तिच्या आणि भिंतीच्या मध्ये माझा हात जाईल एवढी जागा उरली. मी हात घातला होता, म्हणून सांगतो. मग ते पुढं चढले, आणि मला आतून काही सरकल्याचा आवाज आला नाही.

संदूक तुझ्या खोलीत, डोंगरासमोर आहे. आडवीच नेली, व्हायिया. एकदाही उभी करावी लागली नाही.

बाबा